जी बातमी छापलीच गेली नाही, तिचा जाब कोणाला विचारायचा?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

समाजमाध्यमांतून पसरणाऱ्या खोट्या बातम्यांविषयी आपल्या दैनिकाने अलीकडे सातत्याने लिहिले आहे आणि ते अतिशय गरजेचे आहे. तथापि खोटी बातमी निदान डोळ्यांसमोर येते. ती कोणी पाठवली हे शोधता येते, तिच्यावर खुलासा छापता येतो, प्रसंगी गुन्हाही दाखल होतो. याउलट जी बातमी घडली, कोणीतरी कळवली, पण वाटेतच कुठेतरी बाजूला ठेवली गेली, तिच्याविषयी वाचकाला शंका घेण्याचीसुद्धा सोय नसते, कारण ती अस्तित्वात होती हेच त्याला ठाऊक नसते. या दुसऱ्या प्रकारच्या हानीची चर्चा आपल्याकडे फारच थोडी होते, आणि ती वर्तमानपत्रांनी स्वतःहून सुरू करावी, अशी विनंती करण्यासाठी हे पत्र लिहीत आहे. भंडारा जिल्ह्यातील एका सार्वजनिक वाचनालयात मी ग्रंथपाल म्हणून काम केले. सगळी दैनिके रोज टेबलावर मांडण्याचे आणि जुने अंक जपून ठेवण्याचे काम माझ्याकडे असल्याने, एकच घटना कोणत्या पत्रात किती जागा घेते आणि कोणत्या पत्रात मुळीच दिसत नाही, याकडे लक्ष जाणे अपरिहार्य होते.

प्रत्येक घटना छापता येणार नाही, हे मला मान्य आहे. बातमी निवडावीच लागते, आणि निवडणाऱ्याच्या हाती वाचकाने विश्वासाने अधिकार दिलेला असतो. प्रश्न त्या अधिकाराच्या जबाबदारीचा आहे. डेव्हिड मॅनिंग व्हाइट या अमेरिकन अभ्यासकाने फेब्रुवारी १९४९ मध्ये तेथील मध्य-पश्चिम भागातल्या एका दैनिकाच्या तार-संपादकाला गाठले आणि आठवडाभर एक साधे काम करायला सांगितले. वृत्तसंस्थांकडून आलेला जो मजकूर वापरला नाही, त्या प्रत्येक कागदावर नाकारण्याचे कारण लिहून ठेवायचे. १९५० मध्ये हा अभ्यास प्रसिद्ध झाला. आलेल्या मजकुरापैकी साधारण नऊ-दशांश भाग त्या गृहस्थांनी बाजूला ठेवला होता. जागा नाही, ही कारणे त्यात पुष्कळ होती, आणि ती रास्तच होती. पण ही बातमी रटाळ आहे, हा प्रचार आहे, यावर माझा विश्वास नाही, अशीही कारणे होती. म्हणजे त्या शहराला जग कसे दिसावे, हे एका माणसाच्या अनुभवावर, आवडीनिवडीवर आणि पूर्वग्रहांवर बऱ्याच अंशी अवलंबून होते. मला या अभ्यासातील सर्वांत महत्त्वाची गोष्ट वेगळीच वाटते. त्या संपादकाने कारणे लिहिली ती एका संशोधकाने मागितली म्हणून. त्याच्या वाचकांनी ती कधी मागितली नव्हती आणि त्यांना ती कधी दिलीही गेली नव्हती.

आपल्याकडे हा निर्णय एका टेबलावर होत नाही, अनेक टेबलांवर होतो, आणि त्यातील पहिले टेबल तालुक्याच्या ठिकाणी असते. तालुका वार्ताहराला बहुतेक दैनिकांत पगार नसतो. असलाच तर नाममात्र मानधन असते. त्याचे घर चालते ते शेतीवर, दुकानावर, शिकवणीवर आणि जाहिरातींच्या कमिशनवर. वर्धापनदिनाची पुरवणी, दिवाळीची पुरवणी, नेत्यांच्या वाढदिवसाची पाने यांचे उद्दिष्ट त्याला ठरवून दिलेले असते. ज्या पतसंस्थेच्या अध्यक्षाकडून, बाजार समितीच्या सभापतीकडून, शिक्षणसंस्थेच्या चालकाकडून आणि ठेकेदाराकडून त्याने जाहिरात आणायची, त्यांच्याच कारभाराची बातमी त्यानेच द्यायची, अशी ही व्यवस्था आहे. वाचनालयात येणाऱ्या एका वार्ताहराने एकदा मला एका पतसंस्थेतील ठेवीदारांच्या तक्रारींची सगळी कागदपत्रे दाखवली होती. बातमी का दिली नाही, असे विचारल्यावर त्याने त्याच संस्थेची पानभर जाहिरात असलेली पुरवणी माझ्यापुढे ठेवली. त्या माणसाला मी दोष देत नाही. बातमी दिली असती तर त्याचे काम गेले असते आणि दुसऱ्या दिवशी दुसरा कोणीतरी त्याच जागी त्याच अटींवर नेमला गेला असता.

काम जाण्यापुरताच हा धोका मर्यादित नाही. ६ फेब्रुवारी २०२३ रोजी राजापूरचे पत्रकार शशिकांत वारिशे यांना रस्त्यावर मोटारीने चिरडण्यात आले आणि दुसऱ्या दिवशी त्यांचा मृत्यू झाला. ज्याच्याविषयी त्यांनी लिहिलेली बातमी नेमकी त्याच दिवशी छापून आली होती, त्याच इसमाला या प्रकरणी अटक झाली. पत्रकारांवरील हल्ल्यांना प्रतिबंध करणारा कायदा आपल्या विधिमंडळाने २०१७ मध्येच केला होता. तरीही मुंबई-पुण्यातील संपादक आणि तालुक्यातील वार्ताहर यांना बातमी छापण्याची जी किंमत मोजावी लागते, तिच्यात किती अंतर आहे, हे त्या घटनेने दाखवून दिले. बातमी पहिल्याच पायरीवर का थांबते, याचे उत्तर शोधताना हे अंतर विसरून चालणार नाही.

तालुक्याहून बातमी निघाली की ती जिल्हा प्रतिनिधीकडे जाते, तेथून विभागीय कार्यालयात, मग उपसंपादकाकडे, मग पान लावणाऱ्याकडे. पानाच्या डमीवर, म्हणजे कच्च्या आराखड्यावर, जाहिराती आधी बसलेल्या असतात, उरलेल्या जागेत बातम्या बसवायच्या असतात. चार कॉलमची बातमी एका कॉलमची होते, एका कॉलमची ‘संक्षिप्त’ सदरात जाते, आणि तेथेही जागा नसली तर उद्यावर पडते, म्हणजे बहुधा कायमची पडते. या प्रवासात कोणी मुद्दाम काही दडपले असे नेहमीच म्हणता येत नाही, आणि म्हणूनच हा प्रश्न अवघड आहे. प्रत्येक पायरीवरचा माणूस सद्हेतूने काम करीत असतानाही, शेवटी जे पान तयार होते त्यातून काही विशिष्ट गावे, काही विशिष्ट समाज आणि काही विशिष्ट प्रकारची दुःखे पुन्हापुन्हा गळत राहतात.

ज्या जिल्ह्यातून मी हे लिहीत आहे, त्या जिल्ह्यात याचे अत्यंत वेदनादायक उदाहरण घडलेले आहे. २९ सप्टेंबर २००६ रोजी मोहाडी तालुक्यातील खैरलांजी येथे भोतमांगे कुटुंबातील आई, मुलगी आणि दोन मुलगे अशा चौघांची जमावाने अमानुष हत्या केली आणि त्यांचे मृतदेह कालव्यात टाकून दिले. कुटुंब बौद्ध होते, त्यांच्या शेतातून जाणाऱ्या रस्त्याचा वाद होता, आणि त्याआधी झालेल्या एका मारहाणीच्या प्रकरणात त्या माऊलीने साक्ष दिली होती. ही बातमी कोणाला कळलीच नाही, असे नव्हते. स्थानिक पानांवर ती आली. परंतु ती आली तेव्हा तिचे रूप अनैतिक संबंधांवरून संतापलेल्या गावकऱ्यांनी केलेल्या हत्याकांडाचे होते. पोलिसांनी आणि गावातील काहींनी जे सांगितले, तेच बातमी झाले. त्या कुटुंबाची जात, जमिनीचा वाद, साक्ष आणि त्यानंतरच्या धमक्या यांना त्यात जागा मिळाली नाही. एकदा ‘कारण’ असे निश्चित झाल्यावर विभागीय कार्यालयातील उपसंपादकाला ती बातमी स्थानिक गुन्ह्याची वाटली, आणि स्थानिक गुन्ह्याला स्थानिक पानावरच ठेवण्याचा प्रघात असल्याने ती तेथेच राहिली.

यानंतर काय झाले, हे तारखांच्या क्रमाने पाहिले पाहिजे. २ ऑक्टोबर २००६ रोजी विजयादशमी होती. बाबासाहेब आंबेडकरांनी नागपुरात धम्मदीक्षा घेतल्याला त्या वर्षी पन्नास वर्षे पूर्ण होत होती, आणि देशभरातून लाखो लोक दीक्षाभूमीवर आले होते. खैरलांजी तेथून दोन-तीन तासांच्या अंतरावर आहे. तीन दिवसांपूर्वी काय घडले होते, हे त्या विराट समुदायातील बहुतेकांना ठाऊक नव्हते, आणि त्या सोहळ्याचे वृत्तांकन करण्यासाठी आलेल्या शेकडो पत्रकारांपैकी मोहाडीच्या वाटेला जवळपास कोणी गेले नाही. घटनेचे खरे स्वरूप बाहेर आणले ते सत्यशोधन करणाऱ्या कार्यकर्त्यांनी. त्यांनी गावात जाऊन लोकांशी बोलून अहवाल तयार केले, ते हातोहाती वाटले, मोबाइलवर संदेश पाठवले. एका इंग्रजी दैनिकात सविस्तर वृत्तांत आला तो २९ ऑक्टोबरला, म्हणजे बरोबर एका महिन्याने. भंडारा, नागपूर, अमरावती आणि इतर शहरांत लोक रस्त्यावर उतरले ते नोव्हेंबरमध्ये, आणि तेव्हा आमच्या बऱ्याच माध्यमांना खैरलांजी कुठे आहे ते समजले. त्या वेळीही काही ठिकाणी मुख्य बातमी होती ती दगडफेकीची आणि वाहतूककोंडीची.

तपास पुढे केंद्रीय अन्वेषण विभागाकडे गेला. सप्टेंबर २००८ मध्ये भंडाऱ्याच्या न्यायालयाने आठ जणांना दोषी ठरवून त्यांपैकी सहा जणांना फाशीची शिक्षा सुनावली. जुलै २०१० मध्ये उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने ती पंचवीस वर्षांच्या जन्मठेपेत बदलली. हे सगळे ठळकपणे छापून आले. पण पहिल्या महिन्यातील मौनाचा आणि त्या कुटुंबाच्या चारित्र्यावर घेतलेल्या संशयाचा हिशोब कोणत्याही दैनिकाने आपल्या वाचकांपुढे मांडल्याचे माझ्या पाहण्यात आले नाही. जुने अंक जपणाऱ्या माणसाला हे फार खुपते. जो पुरावा पहिल्या आठवड्यात गोळा होऊ शकला असता, ज्या जबाबांवर दबाव येण्याआधी ते लोकांसमोर येऊ शकले असते, त्यांना त्या महिन्यामुळे आपण मुकलो. माहिती उशिरा पोहोचली तर तिची किंमत वाचकाच्या अज्ञानापुरती नसते, न्यायाच्या संधीतूनही ती मोजावी लागते.

हे कोणा एका दुष्ट संपादकाने केले, असे मला वाटत नाही. ज्या टेबलांवरून ही बातमी गेली, त्या टेबलांमागे बसलेल्या कोणालाही ती बातमी ऐकताक्षणी ‘हे नेहमीचे अनैतिक संबंधांचे प्रकरण नाही, येथे काहीतरी वेगळे आहे’ असे वाटले नाही, ही मूळ अडचण आहे. तसे वाटण्यासाठी ते जगणे माहीत असावे लागते. २००६ मध्येच दिल्लीतील सदतीस राष्ट्रीय माध्यमसंस्थांमधील निर्णय घेणाऱ्या ३१५ पत्रकारांची पाहणी झाली होती. त्यांत दलित किंवा आदिवासी एकही नव्हता आणि ७१ टक्के जागा हिंदू उच्चवर्णीय पुरुषांकडे होत्या. त्यानंतर तेरा वर्षांनी, २०१९ मध्ये, ऑक्सफॅम ही स्वयंसेवी संस्था आणि न्यूजलाँड्री हे वृत्त-संकेतस्थळ यांनी वृत्तपत्रे, दूरचित्रवाहिन्या, नियतकालिके व संकेतस्थळांमधील नेतृत्वाच्या १२१ जागा तपासल्या. त्यांतील १०६ जागा उच्चवर्णीयांकडे होत्या. मराठी दैनिकांनी आपापल्या संपादकीय विभागांची अशी माहिती स्वतःहून जाहीर करावी, आणि त्याची सुरुवात आपण करावी.

हा प्रश्न मराठी पत्रसृष्टीला नवा नाही, हेही नोंदवायला हवे. ३१ जानेवारी १९२० रोजी बाबासाहेबांनी ‘मूकनायक’ सुरू केले, तेव्हा पैसे घेऊनसुद्धा त्याची जाहिरात छापण्यास ‘केसरी’ने नकार दिला होता. त्या काळचे ते सर्वांत प्रभावी मराठी पत्र, स्वातंत्र्यासाठी तुरुंगवास सोसलेल्या लोकमान्यांचे पत्र, आणि तरीही त्याच्या जाहिरातीच्या रकान्यातही अस्पृश्यांच्या पत्राला जागा नव्हती. ‘मूकनायक’साठी शाहू महाराजांनी अडीच हजार रुपयांचे साहाय्य केले. पुढे १९२७ मध्ये ‘बहिष्कृत भारत’, १९३० मध्ये ‘जनता’ आणि १९५६ मध्ये ‘प्रबुद्ध भारत’ अशी पत्रे काढावी लागली. त्याआधी सत्यशोधकांना १८७७ मध्ये ‘दीनबंधु’ काढावे लागले होते ते याच कारणाने. ज्यांना स्वतःचे पत्र काढणे परवडले त्यांचा आवाज इतिहासात राहिला. ज्यांना परवडले नाही त्यांच्या गावात त्या काळी काय घडले, हे आज कोणत्याही वाचनालयातील बांधीव अंकांत सापडत नाही.

सरकारने बातमी अडवली तर निदान ते दिसून तरी येते. २५ जून १९७५ नंतर सेन्सॉरशिप आली, तेव्हा ‘इंडियन एक्स्प्रेस’ने २८ जूनच्या अंकात अग्रलेखाची जागा कोरी सोडली होती. पुण्याच्या ‘साधना’ साप्ताहिकाने त्या काळात सरकारी निर्बंधांशी दिलेला लढा मराठी वाचकांना आठवत असेल. ती कोरी जागा पाहून वाचकाला एवढे नक्की कळत होते की येथे काहीतरी होते आणि ते काढले गेले आहे. आज कोणत्याही दैनिकाचे पान कोरे नसते. जे काढले गेले त्याच्या जागी दुसरे काहीतरी, बहुधा अधिक रंगीत असे, बसवलेले असते. त्यामुळे आजचा वाचक आणीबाणीतील वाचकापेक्षा एका अर्थाने अधिक असहाय आहे. काय गेले हे तर त्याला कळत नाहीच, पण काही गेले आहे हेसुद्धा कळत नाही.

जागेचे कारण किती खरे असते, याचा अंदाज दुसऱ्या एका तुलनेतून येतो. २००६ मध्येच विदर्भातील कापूस उत्पादक शेतकऱ्यांच्या आत्महत्यांनी कळस गाठला होता. त्याच वर्षी मुंबईतील एका फॅशन सप्ताहासाठी पाचशेहून अधिक अधिस्वीकृत पत्रकार उपस्थित होते, आणि त्याच सुमारास बाहेरून विदर्भात येऊन आत्महत्यांचे वृत्तांकन करणारे पत्रकार बोटांवर मोजण्याइतके होते, हे पत्रकार पी. साईनाथ यांनी नोंदवले आहे. मनुष्यबळ होते, जागाही होती. जुलैमध्ये पंतप्रधान आले आणि सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटींचे पॅकेज जाहीर झाले, तेव्हा कॅमेरेही आले.

पैसे घेऊन बातमी छापण्याचा प्रकार हे याच प्रश्नाचे उघडे रूप. २००९ च्या विधानसभा निवडणुकीत परस्परांशी स्पर्धा करणाऱ्या मराठी दैनिकांत अक्षरशः एकच मजकूर, उमेदवाराच्या स्तुतीचा, ‘जाहिरात’ असा शब्दही न लिहिता छापला गेला. भारतीय प्रेस कौन्सिलने चौकशीसाठी नेमलेल्या दोन सदस्यांच्या उपसमितीने ७१ पानांचा अहवाल दिला, त्यात संस्थांची नावे होती. जुलै २०१० मध्ये कौन्सिलने प्रसिद्ध केला तो मात्र तेरा पानांचा संक्षेप. मूळ अहवाल अधिकृतपणे लोकांपुढे यायला २०११ साल उजाडावे लागले आणि त्यासाठी केंद्रीय माहिती आयोगाचा आदेश लागला. वृत्तपत्रांच्या नैतिकतेवर देखरेख करणाऱ्या संस्थेने वृत्तपत्रांविषयीचीच माहिती वाचकांपासून वर्षभर दूर ठेवावी, हे मला आजही अतिशय गंभीर वाटते.

आता ज्या गोष्टीबद्दल मला सर्वांत अधिक काळजी वाटते, तिच्याकडे वळतो. ती आहे जिल्हावार आवृत्त्या. पूर्वी नागपूरहून निघणारी डाक आवृत्ती साऱ्या विदर्भात जात असे. तिच्यात यवतमाळची बातमी गोंदियाला आणि चंद्रपूरची बातमी वाशीमला वाचायला मिळे. छपाईचे तंत्र सुधारले, जिल्ह्याजिल्ह्यांची पाने स्वतंत्र होऊ लागली, स्थानिक पुरवण्या आल्या, आणि वाचकाला स्वतःच्या गावाची बातमी भरपूर मिळू लागली. हा लाभ खरा आहे. गावच्या शाळेतील गुणवंतांची छायाचित्रे, ग्रामसभेचे ठराव, रस्त्याची दुरवस्था यांना पूर्वी कधी एवढी जागा नव्हती. पण त्याची दुसरी बाजू अशी की जिल्ह्याची बातमी आता जिल्ह्याच्या सीमेवर थांबते. बातमी नाकारली गेली असे म्हणता येत नाही, कारण ती छापलेली असते. वार्ताहराला समाधान असते, तक्रारदाराला कात्रण मिळते. परंतु ज्या मंत्रालयात निर्णय व्हायचा, ज्या मुंबई आवृत्तीकडे मंत्र्यांचे आणि सचिवांचे लक्ष असते, तेथे ती पोहोचतच नाही. खैरलांजीच्या बाबतीत नेमके हेच घडले होते.

गडचिरोलीचे उदाहरण घ्या. एटापल्ली तालुक्यातील सूरजागडच्या डोंगरावरील लोहखाणीला तेथील ग्रामसभांनी केलेला विरोध वर्षानुवर्षांचा आहे. डिसेंबर २०१६ मध्ये माओवाद्यांनी खाणीवरील कित्येक वाहने जाळली, तेव्हा सूरजागड राज्यभर पहिल्या पानावर गेले. २०२३ मध्ये त्याच तालुक्यातील तोडगट्टा येथे आदिवासी गावांनी खाणींविरोधात कित्येक महिने शांततेने ठिय्या दिला. तो पुण्या-कोल्हापूरच्या किती वाचकांना माहीत आहे? परिणाम असा होतो की उर्वरित महाराष्ट्राच्या मनात गडचिरोली म्हणजे बंदूक, एवढेच चित्र राहते, आणि वनहक्क कायद्याचा आधार घेऊन, अर्ज-ठरावांच्या मार्गाने बोलणारी माणसे त्या चित्रातून पुसली जातात. शांततेने बोलणाऱ्याला स्थानिक पान आणि हिंसा करणाऱ्याला पहिले पान, हा संदेश आपण नकळत देत आहोत, याचा विचार संपादकांनी केला पाहिजे.

यावर एक आक्षेप मला नेहमी ऐकावा लागतो, विशेषतः तरुण वाचकांकडून. आता प्रत्येकाच्या हातात मोबाइल आहे, कोणीही चित्रफीत काढून टाकू शकतो, मग वर्तमानपत्राने अडवले काय आणि न अडवले काय? या आक्षेपाला मणिपूरने उत्तर दिलेले आहे. ४ मे २०२३ रोजी तेथे दोन स्त्रियांची विवस्त्र धिंड काढण्यात आली. १८ मे रोजी पोलिसांत तक्रार नोंदवली गेली. घटनेची चित्रफीत एका मोबाइलवर होती, आणि तरीही ती देशासमोर आली १९ जुलैला, अडीच महिन्यांनी, कारण राज्यातील इंटरनेट बंद होते आणि पोलिसांतील नोंदीचा पाठपुरावा मोठ्या माध्यमांनी केला नव्हता. खैरलांजीनंतर सतरा वर्षांनीही अंतर कमी न होता वाढले होते. शिवाय इंटरनेट चालू असते तेव्हाही आपल्याला काय दिसावे हे समाजमाध्यम कंपन्यांची गणिते ठरवतात, आणि त्यांची कसोटी एवढीच की माणूस पडद्यासमोर किती वेळ थांबतो. तालुक्याच्या संपादकाला निदान चौकात गाठून विचारता येते. त्या गणिताला कुठे गाठायचे?

म्हणूनच, वर्तमानपत्र या संस्थेवरचा विश्वास न सोडता, मी आपल्याकडे काही ठोस मागण्या करीत आहे. ‘द हिंदू’ने २००६ मध्ये स्वतंत्र वाचक-संपादक नेमला, त्याने वाचकांच्या तक्रारी ऐकायच्या, चुका दुरुस्त करायच्या आणि संपादकीय निर्णयांवर स्वतःच्याच पत्रात लिहायचे, अशी ती व्यवस्था होती. मोठा खप असलेल्या मराठी दैनिकाला असे पद परवडत नाही, हे मला पटत नाही. अशा व्यक्तीने केवळ छापलेल्या चुकांचीच नव्हे तर न छापलेल्या बातम्यांचीही दखल घ्यावी, आणि वाचकांनी दाखवून दिलेली एखादी वगळलेली बातमी का वगळली, याचे उत्तर आठवड्यातून एकदा द्यावे. जागा नव्हती, हे उत्तर असले तरी चालेल. उत्तर देण्याची सवय लागली की पुढच्या वेळी निर्णय घेताना हात थोडा थांबेल.

जिल्हा आवृत्त्यांतील निवडक बातम्यांचे एक पान रोज सर्व आवृत्त्यांत यावे. त्याची निवड मुंबईत न होता आळीपाळीने जिल्हा कार्यालयांकडे असावी. ज्या बातमीत पोलिसांचे म्हणणे हाच एकमेव आधार आहे, त्या बातमीत तसे स्पष्ट लिहिलेले असावे, आणि पीडित कुटुंबाशी बोलणे झाले की नाही हेही लिहावे. एवढे दोन वाक्यांचे पथ्य २००६ च्या ऑक्टोबरमध्ये पाळले गेले असते, तर त्या बातमीकडे वाचकाने वेगळ्या नजरेने पाहिले असते.

आणि सर्वांत आधी, तालुका वार्ताहराला नियमित पगार द्यावा आणि जाहिराती आणण्याच्या कामातून त्याला पूर्णपणे मोकळे करावे. पत्रकारांचे वेतन ठरवण्यासाठी नेमलेल्या मजिठिया वेतन मंडळाच्या शिफारशी केंद्र सरकारने २०११ मध्ये स्वीकारल्या, सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये त्या वैध ठरवल्या. त्यांचा लाभ तालुक्यापर्यंत उतरलेला मला तरी दिसत नाही. बाकीच्या सुधारणा कितीही केल्या, तरी जोवर बातमीची पहिली निवड करणारा माणूस ज्याच्याविषयी लिहायचे त्याच्याच जाहिरातीवर जगतो, तोवर वरच्या टेबलांपर्यंत पोहोचणारी माहिती आधीच गाळलेली असणार. यासाठी अंकाची किंमत वाढवावी लागली, तर वाचनालयांच्या वर्गणीदारांसह बरेच वाचक ती देतील. आपण ती कशासाठी वाढवली हे मात्र पहिल्या पानावर लिहावे.

पत्र लांबले आहे, याची मला कल्पना आहे. जागेअभावी काटछाट करावी लागल्यास माझ्याविषयीचा मजकूर आणि फॅशन सप्ताहाचा परिच्छेद खुशाल वगळावा. तालुका वार्ताहरांच्या पगाराविषयीचा आणि खैरलांजीविषयीचा भाग मात्र वगळू नये, आणि हे पत्र केवळ भंडारा आवृत्तीत न छापता सर्व आवृत्त्यांत छापावे, ही आग्रहाची विनंती.

आपला,
एक निवृत्त ग्रंथपाल व नियमित वाचक,
जि. भंडारा